तुम्ही विचारलंत म्हणून: मंगळ का दाखवला नाही

आमची फिल्म संपली की कुणीतरी विचारतंच, "त्या अंड्यात काय दिसतं ते तुम्ही दाखवलंच नाही. पैसे नव्हते म्हणून ना?" विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा सहानुभूतीच असते. पैसे नव्हते हे खरंच आहे. पण मंगळ न दाखवण्याचं कारण ते नाही. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मूळ कथा एच. जी. वेल्सची, 'द क्रिस्टल एग', 1897 सालची. लंडनमध्ये जुन्यापान्या वस्तूंचं दुकान चालवणारा केव्ह नावाचा म्हातारा. त्याच्याकडे स्फटिकाचं एक अंडं येतं. अंधाऱ्या दुकानात झडपेच्या फटीतून उन्हाची तिरीप त्यावर पडली आणि ठरावीक कोनातून पाहिलं, की आत दुसरं जग दिसतं, मंगळावरचं. पंख असलेले जीव, आणि आकाशात दोन चिमुकले चंद्र. घरच्यांना अंडं विकायचंय, गिऱ्हाईक दारात उभं आहे, भाव पाच पौंड. म्हातारा टाळत राहतो. एका पहाटे तो दुकानात मेलेला सापडतो, अंडं हातात घट्ट धरलेलं.

वेल्स 1946 साली गेले. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे भारतात ही कथा 2007 पासून सगळ्यांची झाली. तेवढा खर्च वाचला. पण कथा निवडली ती वेगळ्या कारणानं. त्यात कुणी यानात बसत नाही, कुणी कुठे जातच नाही. एक माणूस दुकानात बसून बघतो, आणि त्याच्या बघण्यानं घर हादरतं. हे मला नागपूरच्या इतवारीतही घडताना दिसत होतं.

इतवारीतल्या एका गल्लीत बरीच वर्षं बंद पडलेलं एक दुकान मिळालं. पूर्वेकडे तोंड, लोखंडी शटर, आणि शटरला खिळा निघून पडलेलं एक भोक. वैशाखातलं नागपूरचं ऊन, पारा 45 च्या पुढे. सकाळी त्या भोकातून उन्हाचा असा झोत आत यायचा की भाड्यानं आणलेले दिवे आम्ही उघडलेही नाहीत. धूळ तरंगताना दिसायची आणि झोत थेट रेझिनच्या अंड्यावर. वेल्सनं कोनसुद्धा लिहून ठेवलाय, प्रकाशाच्या दिशेपासून सुमारे 137 अंश. आम्ही कोनमापक लावून नटाची खुर्ची त्या जागी मांडली. प्रेक्षकाला ते कळत नाही, कळायची गरजही नाही, पण नटाला कळतं. मान किती वळवायची हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दुपारी खरी गंमत. सूर्य दुकानाच्या मागे गेला की समोरची घरं उजळायची आणि त्याच भोकातून समोरची अख्खी गल्ली आतल्या भिंतीवर उलटी उमटायची. सायकली, हातगाड्या, वाळत घातलेली लुगडी, सगळं डोकं खाली, पाय वर, आणि हलतं. यात जादू काही नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो, बारीक छिद्रातून जाताना वरचा किरण खाली पडतो आणि खालचा वर. डोळ्याला ते चित्र फिकं दिसतं, कॅमेऱ्याची आयएसओ, म्हणजे प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवली की स्पष्ट येतं. म्हाताऱ्यामागे ही उलटी गल्ली ठेवून आम्ही त्याचा चेहरा टिपला. परग्रह दाखवायला मला याहून चांगलं काही सापडलं नसतं.

आता मूळ प्रश्न. वेल्सच्या काळी मंगळावर हिरवळ आणि कालवे असतील असं अभ्यासू माणसांनाही वाटायचं. 1965 मध्ये अमेरिकेच्या मरिनर 4 यानानं जवळून फोटो पाठवले, 2014 मध्ये आपलं मंगळयान तिथं पोचलं. तिथली तांबडी, उजाड जमीन आज शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. पडद्यावर पंखवाले जीव आणले असते, तर प्रेक्षक म्हाताऱ्याला सोडून चुका शोधत बसला असता. आणि खरा मंगळ दाखवला असता, तर म्हातारा ज्यावर जीव टाकतो ते काही उरलंच नसतं.

म्हणून मंगळ आम्ही दोनच गोष्टींत ठेवला. एक, संवाद. म्हातारा म्हणतो, "तिथं दोन चंद्र हायेत. एक त मावळतीकडून उगवते." हे खरं आहे. त्यातला फोबोस नावाचा चंद्र मंगळाभोवती साडेसात-पावणेआठ तासांत फिरतो, मंगळाच्या स्वतःभोवतीच्या फेरीपेक्षा कितीतरी लवकर, म्हणून तो पश्चिमेला उगवतो. दुसरी गोष्ट भिंतीवरचं घड्याळ. मंगळाचा दिवस 24 तास आणि जवळजवळ 40 मिनिटांचा. म्हाताऱ्याला तिथली पहाट चुकवायची नाही, म्हणून तो आज चारला उठतो, उद्या चार चाळीसला, परवा पाच वीसला. पाचेक आठवड्यांत त्याची पहाट घड्याळभर फिरून येते. अंड्यावर उजेड दिवसा उन्हाचा, रात्री गल्लीतल्या दिव्याचा. भर दुपारी दुकान बंद, मध्यरात्री उघडं. घरच्यांना वाटतं, बुढा सटकला. मंगळावर गाड्या उतरवणारे शास्त्रज्ञही सुरुवातीचे काही महिने मंगळाच्या घड्याळानं जगले होते. हे वेल्सच्या कथेत नाही, आम्ही घातलं, आणि फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता भाग तोच.

म्हाताऱ्याच्या बायकोच्या बाबतीत मात्र मी वेल्सशी भांडले. त्यानं तिला कजाग लिहिलीय, पाच पौंडांत हिरवं रेशमी वस्त्र आणि सहल यांची स्वप्नं बघणारी. मला ते पटत नाही. नवरा गल्ल्यावर बसत नाही, पाऊस तोंडावर आलाय, छत गळतं. आमच्या फिल्ममध्ये ती विचारते, "अवो, काचेच्या अंड्यानं पोट भरते काय?" आणि म्हाताऱ्याकडे उत्तर नसतं. तिचं चूक नाही आणि त्याचंही चूक नाही, हे दिसलं नाही तर ही कथा नुसती एका अंड्याची होऊन बसते. तो प्रसंग आम्ही एका सलग शॉटमध्ये घेतला. कूलर बंद ठेवायला लागायचा, नाहीतर त्याच्या घरघरीत आवाज बुडायचा. तिच्या कपाळावरचा घाम मेकअपचा नाही.

कुणी पुढे असंही विचारतं, भरपूर पैसे मिळाले असते तर मंगळ दाखवला असतात का? नसता दाखवला. ज्यांनी नुसत्या जेवणावर काम केलं त्या सगळ्यांना आधी मानधन दिलं असतं. उरलेले पैसे आवाजावर घातले असते, कारण आमच्या फिल्ममध्ये अजूनही दोन ठिकाणी संवाद नीट ऐकू येत नाहीत. आणि ते दुकान आणखी महिनाभर भाड्यानं घेतलं असतं, पावसाळ्याच्या ढगाळ उजेडात ती भिंतीवरची गल्ली कशी दिसते ते बघायला.