परभणीच्या थंडीत पेटणारा चेक इंजिनचा दिवा

आमच्या घरची सेडान २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी आहे. लागोपाठ दोन हिवाळे तिच्या डॅशबोर्डवरचा इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा पेटायचा, काही दिवसांनी आपोआप विझायचा आणि पुन्हा पेटायचा. गाडी कुठे अडत नव्हती. सकाळी उभ्या गाडीत इंजिन किंचित थरथरायचे, एवढेच. दिवा स्थिर असल्यामुळे मला सवड होती. तो लुकलुकत असता तर मिसफायर होऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगीवर पेट न घेता, न जळालेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात आहे असे समजून गाडी तत्काळ बाजूला घ्यावी लागली असती.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला, तेव्हा पी०१७१ हा कोड आला. मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. मिस्त्रींनी ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजणारा सेन्सर, गेल्याचे सांगितले, तूर्त कोड पुसून दिला आणि दिवा पुन्हा लागला तर सेन्सर टाकू म्हणाले. दिवा अर्थातच पुन्हा लागला, कारण कोड पुसल्याने फक्त इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची स्मृती कोरी होते. तोच दोष साधारणपणे गाडीच्या सलग दोन फेऱ्यांत (सुरू करून, चालवून बंद करणे ही एक फेरी) आढळला की दिवा परत येतो आणि सलग तीन फेऱ्यांत आढळला नाही की आपण होऊन विझतो. बॅटरीची वायर काढून ठेवण्याचा जो उपाय गावोगाव सांगितला जातो, त्यानेही याहून वेगळे काही घडत नाही. ऑक्सिजन सेन्सर काही हजारांचा असतो, आणि हवा जास्त आहे अशी तक्रार करणाऱ्यालाच दोषी धरून बदलणे मला पटेना.

म्हणून मी ब्लूटूथवर चालणारा एक स्वस्त स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते, त्यात तो बसतो आणि आकडे मोबाईलवर दिसतात. कोडपेक्षा मला दोन गोष्टी अधिक उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे फ्रीझ फ्रेम, अर्थात कोड नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनची स्थिती. दर वेळी तिथे जवळपास एकच चित्र होते: वेग शून्य, इंजिन आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता नुसते चालू, आणि कूलंटचे तापमान पन्नास अंशांच्या आतबाहेर. म्हणजे बिघाड थंड इंजिन गरम होत असतानाच प्रकटत होता, आणि आम्ही मात्र गाडी दुपारी, गरम इंजिनाने गॅरेजात नेऊन दाखवत होतो. दुसरी गोष्ट फ्यूएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतो आहे, ते हा आकडा सांगतो. सकाळी आयडलिंगवर तो अधिक बावीसच्या वर जाई. रेस देऊन इंजिनचे मिनिटाला अडीच हजार फेरे धरले की सहा-सातवर उतरे.

या फरकातच उत्तर होते. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर मागणी वाढल्यावर तूट वाढली असती. इथे उलट होत होते. आमच्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे. त्याच्या पुढे कुठून चोरून हवा शिरली तर ती मोजली जात नाही आणि तिच्या वाटणीचे पेट्रोलही पडत नाही. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असल्याने ओढ जोरात असते आणि एकूण हवा थोडी, त्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस दिल्यावर तो एकूण हवेत विरून जातो. (ज्या गाड्यांत हा सेन्सर नसून केवळ मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांतला, दाब मोजला जातो, तिथे हा तर्क जसाच्या तसा लागू होत नाही, तिथे बहुधा आयडलिंगच वाढलेले दिसते.)

परिचितांपैकी अनेकांनी दोष वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर टाकला. तो अगदीच निराधार नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला जिथे एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते, तिथे या मिश्रणाला सुमारे साडेतेराच पुरते आणि ट्रिम काही टक्के वर सरकतो. परंतु इथेनॉलमुळे होणारी वाढ आयडलिंगला आणि रेसवर सारखीच दिसायला हवी. माझ्या आकड्यांतली तफावत त्याने सुटत नव्हती.

हे आकडे लिहून मी वसमत रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "सर, गाडी कुठूनतरी हवा ओढायली. रात्रभर इथंच ठेवा, सकाळी थंड इंजिनवर बघतो." परभणीचे तापमान किती उतरले ते कृषी विद्यापीठाच्या नोंदीवरून वर्तमानपत्रात येते, तसल्याच एका पहाटेनंतर त्यांनी इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, यंत्राने धूर सोडला. वरून काहीच दिसेना. मग टॉर्च लावून त्यांनी मॅनिफोल्डच्या मागे, इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढून घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या रबरी पाईपच्या वळणाखाली बोट फिरवले. तिथून धुराची बारीक रेघ निघत होती. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली वर्षानुवर्षे भाजून रबर लाकडासारखे कडक झाले होते. थंडीत ते आक्रसले की तडा उघडायचा आणि इंजिन तापले की मिटायचा. धुराचे यंत्र नसेल तर काही जण चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून तडा शोधतात. तो द्रव पेट घेणारा असल्याने गरम एक्झॉस्टजवळ ते करू नये, असे मिस्त्रींनी बजावले.

पाईप परभणीत मिळाला नाही, छत्रपती संभाजीनगरहून मागवावा लागला. किंमत सेन्सरच्या तुलनेत किरकोळ. मजुरी अधिक लागली, कारण हात पोहोचावा म्हणून थ्रॉटल बॉडी सोडवावी लागली. ती निघालीच होती, म्हणून साफ करून नवीन गॅस्केटसह बसवली. कोड मात्र सगळे जोडून झाल्यावरच पुसला.

त्यानंतरच्या थंडीत सकाळच्या आयडलिंगवर ट्रिम पाच ते सात राहतो आणि रेसवरही तेवढाच. ही उरलेली वाढ इथेनॉलच्या खात्यात धरून मी तिच्या मागे लागलेलो नाही. ऑक्सिजन सेन्सर मूळचाच आहे. ऑईल बदलण्याच्या वेळी त्याचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान चपळपणे वरखाली होते की नाही, तेवढे पाहून ठेवतो.