व्हॅक्यूमवर लाकूड धरायचं तर आधी गळती शोधा

राउटर म्हणजे लाकडात खाचा मारणारं, कडा कापणारं यंत्र. त्यासाठी बनवलेली व्हॅक्यूम प्लेट (खालची हवा काढून लाकूड जागेवर धरणारी) जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरत नाही म्हटलं की बहुतेक जण मोठा पंप शोधायला लागतात. पंप बहुतेक वेळा ठीक असतो. हवा शिरते ती प्लेटच्या कडेतून, नळीच्या फिटिंगच्या चुडीतून (आट्यांतून), नाहीतर खुद्द लाकडातून.

आधी हिशोब पाहू. पंप जॉबला ओढून धरत नाही. खालची हवा काढली की बाहेरची हवा वरून दाबते. गेजवर 600 मिमी (पाऱ्याचे) दिसत असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 0.8 किलो दाब मिळतो. मुंबईत गेजचा काटा कितीही केलं तरी 760 च्या पुढे जाणार नाही, आणि पुण्यात उंचीमुळे 710 च्या आसपासच थांबेल. तो 760 ला पोचत नाही म्हणून पंप उघडून बसू नका.

30 × 20 सेंमीची प्लेट घ्या. कडेपासून 12 मिमी आत सीलसाठी (हवा अडवणाऱ्या रबरी पट्टीसाठी) 6 मिमी रुंद खाच मारली, तर आतलं क्षेत्र सुमारे 430 चौरस सेंमी उरतं, म्हणजे 340 किलोच्या वर दाब. पण राउटर जॉबला मुख्यतः आडवा ढकलतो, आणि आडवं धरून ठेवतं ते फक्त घर्षण. दाबाचा तिसरा भाग धरला तरी 100 किलोच्या वर मिळतात, भरपूर झाले. आता 10 × 5 सेंमीचा तुकडा पाहा. सील अगदी कडेपासून 4 मिमीवर आणलं तरी आत 24 चौरस सेंमी उरतात. खाली दाब 19 किलो आणि आडवा आधार जेमतेम 6. असा तुकडा बिट (राउटरचं फिरणारं पातं) पहिल्याच झटक्याला फेकून देईल. लहान तुकड्यांना निव्वळ व्हॅक्यूमवर सोडू नका. बिट ज्या दिशेला ढकलतो त्या बाजूला जॉबपेक्षा बुटका स्टॉपर स्क्रूने बसवा.

प्लेटसाठी 18 मिमी प्री-लॅम एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला, वर लॅमिनेट असलेला बोर्ड) चालतो, हायलम शीट (राळेची कडक शीट) परवडली तर उत्तमच. प्री-लॅमचा वरचा थर हवाबंद असतो, पण खाच किंवा भोक मारलं की आतला एमडीएफ उघडा पडतो आणि त्यातून हवा सर्रास येते. म्हणून सगळ्या कडा, खाचा आणि भोकाच्या भिंतींना सँडिंग सीलरचे तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. नेमकी हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते.

सीलची पट्टी क्लोज्ड सेल निओप्रीनची हवी. दुकानातच तुकडा ओठाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर तो साधा स्पंज आहे, घेऊ नका. पट्टी 6 मिमी जाड असेल तर खाच 4 मिमी खोल ठेवा. व्हॅक्यूम आला की वर राहिलेले 2 मिमी पूर्ण दबून जॉब सरळ प्लेटवर टेकला पाहिजे. खाच उथळ झाली तर जॉब रबरावरच तरंगतो, राउटरच्या कंपनाने हलतो आणि कड लाटांसारखी निघते. पट्टी कोपऱ्यात कापू नका. कोपरे गोल ठेवा आणि जोड सरळ बाजूच्या मध्यावर, तिरका कापून, चिकटवा.

आतला भाग सगळाच खोल करायचा मोह टाळा. 4 मिमीचं प्लाय अशा पोकळ जागेवर मधोमध खाली वाकतं. राउटिंग झाल्यावर ते सरळ होतं आणि खाच मध्ये उथळ, कडेला खोल दिसते. 25 मिमी अंतरावर 3 मिमी खोल उभ्या-आडव्या रेघा मारा आणि त्या हवा काढायच्या भोकाशी जोडा. मधल्या चौकोनांवर 120 नंबरचा पॉलिश पेपर (सँडपेपर) चिकटवला की घर्षण चांगलंच वाढतं. नुसती प्री-लॅम गुळगुळीत असते.

एमडीएफमध्ये फिटिंगची चुडी टिकत नाही, ती अ‍ॅराल्डाइटने बसवा. पुढे 8 मिमीची पीयू (पॉलीयुरेथेन) नळी, गेज, बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि मग पंप. फिल्टर विसरलात तर भुसा थेट पंपात जातो. चाचणीसाठी प्लेटवर काचेचा जाड तुकडा ठेवा, 600 मिमी आणा, बॉल व्हॉल्व्ह बंद करा. मिनिटभरात काटा 50 मिमीपेक्षा जास्त पडला तर फिटिंगवर साबणाचा घट्ट फेस लावा. गळती असेल तिथे फेस आत ओढला जातो. काचेवर काटा टिकतो आणि जॉबवर पडतो, तर दोष लाकडाचा. तडा, सुटलेली गाठ, प्लायच्या आतल्या पोकळ्या. खालच्या बाजूला सीलरचा एक हात द्या. पॅकिंग टेपनेही हवा थांबते, पण जॉब घसरायला लागतो.

एसी मेकॅनिक वापरतात तो पंप चालतो. त्यात टू-स्टेज घेण्यात काही फायदा नाही, कारण तो देतो तितक्या खोल व्हॅक्यूमने पकड वाढत नाही. हा पंप गळतीवर तासन् तास चालवला की तेलाची वाफ बाहेर फेकतो आणि ती लाकडावर बसली की पॉलिशला डोळे (गोल खड्डे) पडतात. एक्झॉस्टला नळी लावून ती बाहेर काढा. कॉम्प्रेसरवर चालणारा व्हेंच्युरी (हवेच्या झोतानेच व्हॅक्यूम करणारा) स्वस्त आणि बिनतेलाचा, पण सतत हवा खातो. छोट्या कॉम्प्रेसरला तो उसंत देत नाही.

आरपार कापताना बिट सीलच्या आतल्या जागेत उतरला की व्हॅक्यूम क्षणात जातो. कापणी सीलच्या बाहेरून करा. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या राउटरवर) शेवटच्या पासला कांद्याच्या पापुद्र्याएवढा, 0.3 मिमीचा थर ठेवा आणि तो नंतर हाताने कापा.

पंप थ्री-फेजवर आणि राउटर सिंगल-फेजवर असेल तर एक फेज गेल्यावर पंप थांबू शकतो आणि राउटर मात्र फिरतच राहू शकतो. म्हणून व्हॅक्यूम स्विचवर बझर लावा, 500 मिमीच्या खाली वाजेल असा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे राउटर बंद करायला तेवढे सेकंद हाताशी राहतात. कोकणात पावसाळ्यात पंपाचं तेल दमटपणाने दुधासारखं पांढरं होतं. तसं दिसलं की त्याच दिवशी बदला.