स्टेशन डायरीतील गिरवलेला ५

पोलीस तक्रार प्राधिकरणाची वकील म्हणून उद्याच्या सुनावणीचे कागद लावताना आज एका स्टेशन डायरीच्या छायाप्रतीवर माझी नजर अडकली. मुलाला रात्री साडेआठला घरातून नेले, असे तक्रारदार आई सांगते; नोंदीत मात्र अटकेची वेळ पहाटे ५.१० आहे, आणि त्यातला ५ दुसऱ्या आकड्यावर गिरवलेला दिसतो. मधल्या तासांत काय घडले, एवढाच प्रश्न आहे.

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच अटक मेमोवर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही बंधनकारक केली. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, किमान वर्षभर तरी, जपण्यास सांगितले. आम्ही ते मागवले, तर 'यंत्रणा नादुरुस्त होती' एवढे एका ओळीचे उत्तर आले. संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणे मी तितक्याच काळजीने वाचणार आहे, कारण त्याचीही नोकरी आणि अब्रू पणाला लागलेली आहे. पण त्या ओळीने मला खरोखर संताप आला.

२००६ च्या प्रकाश सिंह निकालातून ही प्राधिकरणे उभी राहिली. त्या आईला तो निकाल ठाऊक नाही. दुपारी तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडीवर फाटलेला वैद्यकीय तपासणीचा कागद काढला आणि विचारले, "मॅडम, झेरॉक्स काढून हा मला परत द्याल ना?"

मी स्वतः झेरॉक्स काढली, मूळ कागद तिच्या हातात दिला आणि पोच लिहून दिली.