आईचं क्रिएटिनिन आणि दादरची घेटुळी

मे महिन्यात आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते, २.४ आलं, गेल्या वर्षी ०.९ होतं. लॅबची चूक असेल म्हणून दुसरीकडे परत केलं, तिथेही तेच, आणि माझे हातपायच गळाले.

डॉक्टरांनी आधी गोळ्या विचारल्या. मी बीपीची सांगितली, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली, आणि मग आई हळूच म्हणाली की गुडघ्यासाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही पेनकिलर आणते, रोज दोन, सहा महिने झाले. पट्टी देवघराच्या खणात वातींच्या पुड्याखाली होती, मला कधी दिसलीच नाही. त्यातच त्या आठवड्यात उकाडा भयंकर आणि तिला तीन दिवस जुलाब.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी मोकळी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं करतात आणि पेनकिलर तेच अडवतं, बीपीची गोळी गाळणीतून बाहेर जाणारी नळी सैल करते, म्हणजे आत येणारं रक्त कमी आणि बाहेरची वाट मोकळी, वर अंगातलं पाणी गेलेलं, मग गाळायला दाब राहणार कुठून?

घरी आलो तर वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं घेटुळीचा काढा दे तिला, आमच्या मामंजींची पायाची सूज उतरली होती त्याने." घेटुळी म्हणजे पुनर्नवा. पाऊस पडला की दादर स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या मावशींकडे मिळते, लालसर देठ, जाडसर गोल पानं, बी कपड्याला चिकटतं. उन्हाळ्यात वरून वाळून जाते आणि पहिल्या पावसात मुळातून परत फुटते, म्हणून ते नाव, मला फार आवडतं ते. आयुर्वेदात ती सुजेवर आणि लघवी साफ व्हायला देतात, आणि प्रयोगशाळेत उंदरांना किडनी बिघडवणारं जेंटामायसिन देऊन बरोबर पुनर्नवेचा अर्क दिला तर किडनीचं नुकसान कमी होतं हेही दिसलंय. पण तिथे अर्क औषधाच्या आधी किंवा बरोबर देतात, आईची किडनी बिघडून झाली होती, आणि माणसांवरचा पुरावा अजून तोकडाच आहे.

डॉक्टर काकूंवर अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, पुनर्नवेत पोटॅशियम भरपूर, आईचं आधीच ५.६ आहे, किडनी ते बाहेर टाकू शकत नाहीये आणि वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतील, आत्ता नको. झाडपाल्याने किडनी जाऊही शकते हे मला तेव्हाच कळलं. १९९० च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या चिनी औषधात चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया ही किडनीला घातक वनस्पती गेली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या. त्याच कुळातली ईश्वरी आपल्याकडेही औषधी म्हणून वापरतात.

डायक्लोफेनॅक कायमचं बंद, बीपीची गोळी काही दिवस बदलली, जुलाबाचं पाणी भरून काढलं, तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.३ आलं. गुडघ्याला आता शेक आणि फिजिओथेरपीचे व्यायाम, दुखतंच, पण चालते.

आईच्या पर्समध्ये आता एक कागद असतो, सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे लिहिलेला. श्रावणात तिने तळाला स्वतःच्या हाताने लिहिलं, "घेटुळीची भाजी, मूगडाळ घालून, चालेल का?" पोटॅशियमचा नवा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पुढे लिहिलं, एक वाटी.