निऱ्यांवरचा पिवळा चौकोन

आषाढातल्या एका पहाटे आमच्या गृहातील एका मुलीने छोट्याशा पात्याने स्वतःला इजा करून घेतली. जखम वरवरची होती, परंतु पाते आत आले कसे हा प्रश्न वरपर्यंत गेला आणि गोव्यातील मुलींच्या ज्या सरकारी बालगृहाची मी तेव्हा अधीक्षक होते, तेथे अंगाची तपासणी करणारा स्कॅनर बसवावा काय हे पाहण्यासाठी श्रावणातला एक दिवस नेमण्यात आला. फाटकावर हातात धरायचा धातुशोधक होताच. पण तो बांगड्यांना वाजे, जोडव्यांना वाजे, सेफ्टी पिनेला वाजे, आणि सारखे वाजणाऱ्या यंत्राकडे काही दिवसांनी कोणीच लक्ष देत नाही.

माझ्याकडे दोन प्रकारच्या यंत्रांची माहितीपत्रके आली होती. पहिले क्ष-किरणांचे, गिळलेली वस्तूही दाखवणारे, परदेशांत तुरुंगांत वापरतात तसे. ते मी त्याच दिवशी बाजूला ठेवले. अमेरिकी मानकानुसार मर्यादित वापराच्या अशा यंत्रातून एका तपासणीत किरणांची १० मायक्रोसीव्हर्टपर्यंत मात्रा चालते; असे हजार मायक्रोसीव्हर्ट म्हणजे एक मिलिसीव्हर्ट. एका वेळची म्हणून ती फार नाही. परंतु आमच्या मुली न्यायालयात, इस्पितळात, शाळेत जातात आणि दर वेळी त्याच फाटकातून परततात. वर्षात १०० वेळा तपासले तर सामान्य नागरिकासाठी आपल्याकडे घालून दिलेली १ मिलिसीव्हर्टची वार्षिक मर्यादा पुरी होते. त्यातच आमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी काही गरोदर असतात.

दुसरे यंत्र मिलिमीटर लहरींचे होते. ते टेंपोतून आले आणि भेटीच्या खोलीत उभे राहिले. बाहेर मुसळधार पाऊस होता. तंत्रज्ञाने समजावून सांगितले, की या लहरी कपड्यांतून पार होतात, त्वचेवरून परततात आणि त्यांत क्ष-किरणांसारखा धोका नसतो. पडद्यावर उघडे शरीर येत नाही, सर्वांसाठी एकच बाहुलीसारखी आकृती येते आणि संशयाच्या जागी पिवळा चौकोन उमटतो. सर्वप्रथम मी हात वर करून उभी राहिले. चौकोन माझ्या पोटाखाली उमटला. खोचलेल्या निऱ्या म्हणजे एकावर एक सात-आठ पदर कापड. यंत्राला ते काहीतरी लपवल्यासारखे वाटले. गृहमाता हसल्या, मीही हसले. मग वॉचमनमामा उभे राहिले. त्यांनी चुन्याची डबी आधीच काढून ठेवली होती, पण खिशातली तंबाखूची प्लॅस्टिकची पुडी यंत्राने अचूक दाखवली. धातुशोधकाला ती कधीच सापडली नसती, हे मान्य करायला हवे.

तेवढ्यात सत्तरी तालुक्यातून एका मुलीची आई आली, बस बदलत, चिंब भिजून, हातात पातोळ्यांचा डबा. तिच्या दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर चौकोनच चौकोन. ओले कापड या लहरींना नीट पार होऊ देत नाही. “बाई, पावसानं भिजलंय सगळं, मी काय लपवणार?” ती म्हणाली. गोव्यात चार महिने प्रत्येक आई अशीच येणार, हे माहितीपत्रकात कोठेच नव्हते.

दुपारी पंधरा वर्षांची एक मुलगी इस्पितळातून परतली. पाहणीसाठी आलेले अधिकारी म्हणाले, की मुलीवरही एकदा पाहून घेऊ. होकार मी दिला, हे येथे लिहून ठेवते. ती उभी राहिली आणि आकृतीच्या मांड्यांच्या मध्ये चौकोन आला. पडदा खोलीच्या दिशेने होता. तंत्रज्ञ, अधिकारी, वॉचमन आणि ती स्वतः, सगळ्यांना तो दिसला. कोणीही काही बोलले नाही. मी पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. गृहमातेने तिला आतल्या खोलीत नेऊन हलक्या आवाजात विचारले आणि बाहेर येऊन मला एवढेच सांगितले, की तिची पाळी सुरू आहे.

बाल न्याय कायद्याखालील नियमांप्रमाणे मुलींची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यायची असते, आणि मुलगा असो वा मुलगी, सभ्यता व प्रतिष्ठा राखून घ्यायची असते. त्या खोलीत तिला कोणाचाही हात लागला नव्हता, तरीही पुरुषांसमोर तिची झडती झाली होती. जाताना तिने मला विचारले, “मॅडम, हे आता रोज सगळ्यांना दिसणार?”

मी अहवालात लिहिले, की यंत्र घ्यायचेच असेल तर पडदा वेगळ्या खोलीत असावा व तेथे स्त्री कर्मचारीच बसावी, चौकोन आल्यावर आधी मुलीला एकांतात विचारावे आणि रोज सर्वांत आधी आम्ही कर्मचाऱ्यांनी त्यातून जावे. शेवटची सूचना वाचून एका मावशींनी माझ्याशी दोन दिवस धड बोलणे टाळले.

यंत्र परत गेल्यावर संध्याकाळी दिवे लावून मी अभ्यासिकेत बसले होते. समोर पेन्सिलींचा डबा होता आणि त्यात आम्हीच वाटलेले शार्पनर. सहज एक उचलला, तर त्याला स्क्रू नव्हता. मी सगळे टेबलावर ओतले. बारा होते, म्हणजे मोजणीत रोज बरोबर भरत होते. परंतु त्यांतल्या तिघांची पाती काढलेली होती. मागच्या पंधरवड्यात इजा करून घेतलेल्या मुलीकडे मिळालेले एक धरले, तरी दोन उरत होती. त्या रात्री गृहमाता आणि मी मुलींना जेवायला बसवून गाद्या, उशा, ट्रंका पाहिल्या. एक पाते ट्रंकेच्या अस्तरात मिळाले. दुसरे मिळाले नाही, म्हणून आम्ही दोघी पहाटेपर्यंत शयनगृहाच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलो.