जात्यावरची भाकरी

पंढरीच्या वारीत मी नातेपुत्यापासून चालले. मुक्काम आता एकमेकांत मिसळलेत. नीट आठवतं ते पाठीवरच्या पिशवीचं ओझं. सोलापुरातून आणलेल्या पंचवीस कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा, राजगिऱ्याचे लाडू आणि माझं स्वतःचं ताट-वाटी. दिंडीचं बाकी सामान ट्रकमधून जायचं, ही पिशवी मात्र मी कुणाच्या हाती दिली नाही.

मला सिलियाक हा आजार आहे. सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं. गहू, रवा, मैदा, सातू, काहीही पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, आतली लव झडते, खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही, जन्मभराचं पथ्य. पोळी सोडणं त्यातल्या त्यात सोपं. आमटीतल्या हिंगाचं काय करणार? बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. ज्वारीच्या मुलखात जन्मले हे माझं भाग्य, पण तीच ज्वारी गिरणीत गव्हावर दळली की मला चालत नाही. ग्लूटेन म्हणजे गव्हातलं ते प्रथिन, ज्यानं हे सगळं होतं. किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असलेल्या पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणता येत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. चिमूटभर पिठानंही ती हद्द ओलांडली जाते.

आणि वारीत तर गावोगावी हातावर प्रसाद पडतो. गरम शिरा, वर तुपाची धार. मी कपाळाला लावून शेजारच्या माउलीच्या हातावर ठेवायचे आणि हात धुवायला पाणी शोधत फिरायचे. "प्रसादानं काय होतंय, माउली? पांडुरंग हाय की!" हे रोज ऐकलं. राग यायचा. पांडुरंगाचा नाही, त्या 'काय होतंय'चा. मग पुढच्या दिंडीतून 'ज्ञानोबा माउली तुकाराम' कानावर यायचं आणि पाय आपोआप तालात पडायचे.

सदाशिवनगरचं रिंगण डोळे भरून पाहिलं. माळशिरसला रात्री पाऊस लागला, राहुटी गळली आणि पिशवी भिजली. सकाळी भाकरी हाताला मऊ लागल्या. दुपारी उघडून पाहिलं तर बुरशी.

त्या दुपारी खुडूसच्या पुढे दोन्ही टाचांना फोड आले होते. डावा फुटून मोजा चिकटला होता. उरलेला एक लाडू सकाळीच संपलेला. दिंडीची पंगत पोळी-आमटीची. मी रस्त्याकडेच्या एका वस्तीवर लिंबाखाली बसले. घरातली आजी पाणी घेऊन आली, मग पिठलं-पोळी.

मी हात जोडले.

"का? आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?"

वारीत हा प्रश्न ऐकायचा नव्हता मला. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "आजी, तसं नाही हो. गव्हानं माझं आतडं सोलून निघतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "आन् जुंधळा?"

"ज्वारी चालते. पण गिरणीत गव्हावर दळलेली नाही चालत."

ती आत गेली. मला वाटलं, विषय संपला. थोड्या वेळानं आतून हाक आली. कोपऱ्यातलं जातं तिनं पुसून मांडलं होतं. "ह्याच्यावर डाळीच भरडते. गव्हाचा दाणा न्हाय पडला." तरी पहिल्या दोन मुठी ज्वारी दळून तिनं ते पीठ कोंबड्यांना टाकलं. मी न सांगता! परात, तवा, उलथनं राखेनं घासून दोनदा धुतलं. मी समोर बसून खुंट्याला हात लावला. ती ओवी म्हणत होती, पण घरघरीत मला शब्द कळत नव्हते, फक्त विठ्ठलाचं नाव कळत होतं.

पीठ जाडसर पडलं. आधणात मळूनही भाकरी काठाला फाटत होती, ती बोटानं सांधत होती. पिठलं तिनं मला वाढलंच नाही. "त्यात हिंग हाय," म्हणाली. मघाशी बोलता बोलता मी हिंगाचं सांगितलं होतं, ते तिनं धरून ठेवलं होतं. कांदा फोडून दिला, मीठ दिलं. माझ्या डब्यात शेंगाचटणी होतीच. मी तीन भाकरी खाल्ल्या. तोवर तिनं आणखी चार तव्यावर वाळवल्या आणि धुतलेल्या फडक्यात बांधून दिल्या. मी पाया पडायला वाकले, तर तीच माझ्या पाया पडली.

वेळापूरचा धावा मला धावता आला नाही. भंडीशेगाव, वाखरी लंगडतच.

एकादशीला पंढरपुरात ज्याच्या त्याच्या हातावर साबुदाणा, भगर, शेंगदाणे. एका अनोळखी बाईनं भगर पुढं केली. उपासाची म्हणून वेगळ्या भांड्यात शिजवलेली, फोडणीत फक्त जिरं. मी विचारून घेतलं आणि तिच्या पानातूनच घास उचलला.

द्वादशीला दिंडीत पुरणपोळी झाली. तूप वाढणारा माझ्यापाशी थांबला. मी फडकं सोडलं. आजीची शेवटची भाकरी दगडासारखी कडक झाली होती. त्यानं काही न विचारता तिच्यावरच तूप सोडलं, आणि मी बारस सोडली.