तुम्ही विचारलंत म्हणून: झेड-८०च्या शेजारी आर्डुइनो कशाला?

जुन्या कंप्युटरचं वेड आहे, स्वतः काहीतरी बांधायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा कंप्युटर, घ्या म्हणतो; आर्डुइनो हा त्याचाच तयार बोर्ड. लगेच पुढचा प्रश्न येतो, "तुम्ही स्वतः झेड-८०वाले (म्हणजे त्या जुन्या प्रोसेसरवाले), आणि आम्हाला आर्डुइनो?" हे इतक्या जणांनी इतक्या खवचटपणे विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकतो.

नुसते गेम खेळायचे असतील तर काहीच विकत घेऊ नका. जुन्या मशीनची नक्कल करणारे एम्युलेटर प्रोग्रॅम उत्तम आहेत, फुकट आहेत. आत काय चालतं ते ज्यांना बघायचंय, त्यांच्यापुरतंच पुढचं.

मी स्वतः या चिपांचा कट्टर विरोधक होतो. रॉम, रॅम, टायमर सगळं एकाच चिपमध्ये. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, उतरवा, एलईडी लुकलुकवा, झालं! यात कसला आलाय कंप्युटर? कॉलेजात ८०८५ प्रोसेसरच्या किटवर हेक्स (सोळाच्या पायाच्या आकड्यांच्या) कीपॅडवरून एकेक बाइट बडवलेल्या माणसाला हा पोरखेळच वाटणार. ३ई म्हणजे ॲक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरच्या आकडेमोडीच्या कप्प्यात) आकडा भर, ७६ म्हणजे थांब, हे मी अजून झोपेतही सांगेन. झेड-८०लाही हेच कोड चालतात, म्हणून तर १९७६ सालच्या त्या चिपकडे वळलो.

चिप ऑनलाइन मागवली. ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीनं २०२४ मध्ये ४० पायांच्या झेड-८०च्या ऑर्डरी घेणं बंद केलं. बाजारात घासूनपुसून वर नवं नाव छापलेला मालही फिरतो, आणि माझ्या चिपवरची छपाई जरा जास्तच चकचकीत होती. ब्रेडबोर्डवर (वायरी नुसत्या खोचायच्या भोकाभोकांच्या पाटीवर) रॉम लावली, रॅम लावली, क्लॉक, म्हणजे ताल देणारे ठोके, दिलं. काहीच नाही. मल्टिमीटर लावला तर सप्लायला ५ व्होल्ट बरोबर, बाकी पायांवर अध्येमध्ये काहीतरी. ४ मेगाहर्ट्झला पळणाऱ्या बसबद्दल (चिपांना जोडणाऱ्या तारांच्या जुडग्याबद्दल) मल्टिमीटर काय डोंबल सांगणार? असे वेगवान सिग्नल दाखवणारा ऑसिलोस्कोप माझ्याकडे नव्हता. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं, "सर, वायरिंग चेक करा." वायरिंग मी इतकं चेक केलं होतं की बायकोला पिनांचे नंबर पाठ झाले.

शेवटी भाचीचा आर्डुइनो मेगा मागून आणला. रॉम-रॅम काढून टाकली. आठही डेटा लाइन एकेका रेझिस्टरनं ग्राउंडला बांधल्या. म्हणजे प्रोसेसर कुठूनही वाचो, त्याला शून्यच मिळणार. आणि शून्य म्हणजे नॉप, काही करू नकोस, पुढे सरक. प्रोसेसरला अडवणाऱ्या पिना (वेट, दोन्ही इंटरप्ट, बस रिक्वेस्ट) ५ व्होल्टला, म्हणजे गप्प. क्लॉक मेगाकडून, सेकंदाला चार ठोके. मेगाच्या सोळा पिना ॲड्रेस बसवर, म्हणजे प्रोसेसर मेमरीतला कुठला पत्ता मागतोय ते दाखवणाऱ्या तारांवर. दर ठोक्याला तिथे जे दिसेल ते लॅपटॉपवर छापायचं. रीसेट सोडला.

०, ०, ०, ०. मग १, १, १, १. मग चार वेळा २.

नॉपला चार ठोके लागतात हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. डोळ्यांसमोर चारदा आकडा पडताना पहिल्यांदाच पाहिला. दोनेक मिनिटं मी नुसता बघत बसलो. १२६ आला, १२७ आला, आणि मग सगळं बिघडलं. १२८, १२८, ०, ०. १२९, १२९, १, १. आठवा बिट उडालाय, माल नकली आहे, सापडला चोर! विक्रेत्याला झोडणारा मेसेज टाइपही करून झाला होता. पाठवण्याआधी पुरावा जोडावा म्हणून डेटाशीटमधली टायमिंगची आकृती उघडली. पहिले दोन ठोके बसवर प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे वाचायच्या सूचनेचा पत्ता. पुढचे दोन ठोके रिफ्रेशचा पत्ता. तेव्हाची डायनॅमिक रॅम सतत ताजी केली नाही तर विसरायची, म्हणून ती मोजणीच झायलॉगनं प्रोसेसरमध्ये घातली; आणि तो काउंटर सातच बिटांचा, १२७ नंतर पुन्हा शून्य. दोघं शून्यापासून जोडीनं मोजत होते म्हणून तोवर फरक कळत नव्हता. नाव घासलेलं असेलही, आतला झेड-८० मात्र झेड-८०सारखाच वागत होता. (मूळ दोष ब्रेडबोर्डच्या एका ढिल्या भोकात निघाला.)

तर मेगा यासाठी. ५ व्होल्टचा आहे, पिना भरपूर आहेत. पिको हा दुसरा मायक्रोकंट्रोलर बोर्ड स्वस्त आणि कितीतरी वेगवान, पण ३.३ व्होल्टचा, जुन्या बसला थेट जोडू नका, मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर हवा. झेड-८० सीमॉस या नव्या बनावटीचा घ्या, कारण क्लॉक इतकं हळू करायचा खेळ जुन्या एनमॉस बनावटीवर भरवशाचा नाही. आणि पिना लायब्ररीतून न हलवता पोर्टच्या रजिस्टरमध्ये (पिनांच्या गटाच्या चिपमधल्या कप्प्यात) थेट लिहून हलवा. ८०८५वाल्यांना ते ओळखीचंच वाटेल.

आता तुमचा आक्षेप. १६ मेगाहर्ट्झच्या चिपनं ४ मेगाहर्ट्झच्या चिपचा हात धरायचा, ही फसवणूक नाही का? जुना मी म्हणाला असता, शंभर टक्के आहे. शिवाय मेगा हा काही त्या काळचा कंप्युटर नव्हे. त्यातला प्रोसेसर रॅममधून प्रोग्रॅम चालवूच शकत नाही. बेसिक भाषेतून मशीन कोड पोक करून, म्हणजे थेट मेमरीत लिहून, तिथे उडी मारायची मजा मेगात नाही. हे मला मान्य आहे, म्हणूनच तो झेड-८०च्या ऐवजी घ्या असं मी कधी म्हटलेलं नाही.

पण एक खरं सांगतो. रॉम आणि रॅम परत बसवल्या, बोर्ड आता व्यवस्थित चालतो, तरी मेगा काही मी काढलेला नाही. लॅपटॉपच्या कीबोर्डवरची अक्षरं त्याच्यातूनच झेड-८०कडे जातात. त्या जागी झायलॉगची सिरियल चिप बसवायची म्हणून आणून ठेवलीय. ती बसवली की हे "माझं" होईल, असं जुना मी म्हणतो. आत्ताचा मी विचारतो, मग बस अडकली की बघणार कशानं? यावर आमचं दोघांचं अजून पटलेलं नाही.